मेजर मॅडमचे गोपनीय अहवाल

मेजर मॅडम दर मार्चमध्ये प्रत्येकाला नंबर द्यायच्या. नऊपैकी. शिक्षक, क्लार्क, बसचे ड्रायव्हर, स्वच्छतेच्या मावशी, गेटवरचा वॉचमन, कुणीही सुटायचं नाही. या कागदाला त्या गोपनीय अहवाल म्हणत. पण तो ज्याचा असे त्याला समोर बसवून स्वतः मोठ्याने वाचून दाखवत आणि खाली सही घेत. पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, की मग यात गोपनीय काय? त्या म्हणाल्या, "बाकीच्यांपासून गोपनीय. ज्याचा आहे त्याच्यापासून कसलं गोपनीय?"

आमची शाळा आळेफाट्यापासून जरा आत, उसाच्या आणि टोमॅटोच्या शेतांमध्ये आहे. इंग्रजी माध्यमाची, एका संस्थेची. मी पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवायचे. मॅडम प्रशासन बघायच्या, म्हणजे बस, गेट, हजेरी, पाण्याच्या टाक्या आणि आम्ही. सैन्यातून बाहेर पडताना त्या खरं तर लेफ्टनंट कर्नल होत्या. पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, शिपाई असला तरी. त्यांनी दोन-तीन वेळा दुरुस्ती केली असेल, मग सोडून दिलं.

बसच्या ड्रायव्हरभाऊंचा अहवाल वाचला गेला तेव्हा मी योगायोगाने ऑफिसात होते.

"गाडी चांगली ठेवतात. मुलांशी प्रेमाने वागतात. हॉर्न विनाकारण वाजवतात. सात."

ड्रायव्हरभाऊ टोपी मांडीवर ठेवून बसले होते. "सात म्हंजी पास का, मॅडम?"

"सात म्हणजे चांगला."

"मग आठ का न्हाई?"

"हॉर्न."

"आवो, म्हशी आडव्या येत्यात रस्त्याला. त्यांना काय इंग्लिशमधी एस्क्यूज मी म्हनू?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी अहवालात एक ओळ वाढवली आणि वाचून दाखवली, "रस्त्यावर म्हशी असतात, हे मान्य." नंबर सातच राहिला. ड्रायव्हरभाऊंनी सही केली आणि जाताना म्हणाले, "चांगलं हाय तर ऱ्हाऊ द्या." ते गेल्यावर मॅडम खिडकीबाहेर बघत, जणू स्वतःलाच सांगावं तशा म्हणाल्या, "इथे सात म्हणजे चांगला." त्यातल्या 'इथे'वर त्यांनी जोर दिला होता. तो का, ते मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर पुष्कळ आहेत. चहा उभ्याने घ्यायच्या. दाराकडे पाठ करून कधी बसायच्या नाहीत. डबा घरचाच असायचा, बाजरीची भाकरी आणि ठेचा, पण भाकरीचे तुकडे अगदी एका मापाचे करून मग खायच्या. आमच्या भागात बिबट्यांचा वावर आहे, म्हणून बसचा प्रत्येक थांबा त्यांनी स्वतः चालून मोजला होता. ऊस आणि मूल यांच्यात चाळीस पावलं हवीत, असा त्यांचा नियम होता. पिंपळवंडीच्या वाटेवरचा एक थांबा त्यांनी हलवला तेव्हा एक पालक भांडायला आले.

"मॅडम, बिबट्या काय पावलं मोजून येतो व्हय?"

"तो मोजत नाही म्हणून तर आपण मोजायची, भाऊ."

थांबा हलला तो हललाच.

दिवाळीच्या आधी त्यांच्या नावावर सुक्या मेव्याचा एक मोठा डबा यायचा. वर पाठवणाऱ्याच्या नावाआधी 'कर्नल' असं लिहिलेलं असायचं. मॅडम तो ऑफिसातच उघडायच्या आणि सगळा मावशींमध्ये वाटून टाकायच्या. एक बदामसुद्धा तोंडात टाकायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, "मॅडम, घरी आईंसाठी तरी न्या." त्या म्हणाल्या, "चांगला माणूस आहे. दर वर्षी न चुकता पाठवतो." प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं, पण मी पुढे विचारलं नाही. मी फारसं काही विचारत नाही. तो माझा स्वभाव आहे.

याच स्वभावावर त्यांचा राग होता. मी मंचरला वाढले. पहिलीपासून इंग्रजी शाळेत गेले आणि दोन्ही भाषांमध्ये हळू बोलायला शिकले. वर्गात ठीक असायचं, कारण मुलं लहान होती. मोठ्या माणसांसमोर माझा आवाज घशातच राहायचा. मॅडमनी यावर एक उपाय काढला. दर सोमवारी प्रार्थना संपल्यावर संस्थेचं परिपत्रक मी वाचायचं, माईकशिवाय. त्या मैदानाच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभ्या राहत. आवाज पोहोचला नाही की हात वर करत. पहिल्या सोमवारी त्यांचा हात एकदाही खाली आला नाही. मुलं हसली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पुढच्या सोमवारी त्या पुन्हा टाकीपाशी हजर.

"तुझ्याकडे शब्द आहेत," त्या मला म्हणाल्या, "ते तू स्वतःसाठी वापरत नाहीस. दुसऱ्याचं पत्र असलं की छान लिहितेस."

ते खरं होतं. शाळेतली सगळी इंग्रजी पत्रं मीच लिहायचे. म्हणूनच माझ्या तिसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांनी मला सोबत नेलं असावं, असं मला वाटलं होतं.

शाळा सुटल्यावर त्या म्हणाल्या, "पिंपळवंडीला चल. एक पत्र वाचायचंय. तुला परत मीच सोडेन." त्यांच्या हातात एक लांबट सरकारी लिफाफा होता, न फोडलेला. बसमध्ये त्यांनी तो एकदाही उलटून पाहिला नाही.

त्यांची आई ओट्यावर कांद्याची निवड करत बसली होती, मोठा एकीकडे, बारकी गोळी दुसरीकडे. मॅडमनी तिच्या शेजारी बसकण मारली आणि लिफाफा माझ्याकडे दिला. "मोठ्याने वाच. आधी इंग्रजी, मग आईला मराठीत सांग."

"मॅडम, तुम्ही..."

"मी वाचलं तर माझ्या आवाजावरून तिला आधीच कळेल. तुझ्या आवाजावरून कुणाला कधी काही कळत नाही."

हे त्या रागाने नव्हत्या म्हणाल्या. मी लिफाफा फोडला.

पत्र दीड पानांचं होतं. त्यांनी सैन्याकडे एक तक्रार केली होती. निवड मंडळाने आपल्याला कायम सेवेसाठी नाकारलं, त्याचा फेरविचार व्हावा, अशी. उत्तरात लिहिलं होतं, की सर्व वार्षिक अहवाल पुन्हा तपासले. गुण ठरवलेल्या किमान रेषेच्या खाली आहेत. संबंधित वर्षांच्या अहवालांवर अधिकाऱ्याची स्वतःची सही आहे आणि त्या वेळी त्यांनी कोणतीही हरकत नोंदवलेली नाही. सबब तक्रार फेटाळण्यात येत आहे.

मी इंग्रजी वाचलं. मग मराठीत सांगायला तोंड उघडलं आणि शब्द जुळेनात. आई हातातला कांदा तसाच धरून माझ्याकडे बघत होती.

"म्हंजी काय? परत घेत्यात का न्हाई हिला?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या कांद्यांकडे बघत होत्या.

"नाही, आजी," मी म्हटलं.

"मोठ्यानं," मॅडम म्हणाल्या. "तिला कमी ऐकू येतं."

"नाही घेत, आजी."

आजींनी तो कांदा मोठ्यांच्या ढिगात टाकला. थोड्या वेळाने उचलून पुन्हा पाहिला आणि गोळीच्या ढिगात टाकला. "चौदा वर्सं बर्फात काढली पोरीनं," त्या म्हणाल्या. "आन् सही हाय म्हनत्यात. सही तर करावीच लागती ना, बाई? सायब म्हनला की करावीच लागती." मग उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

परतताना आम्ही हायवेवरच्या फाट्यापर्यंत चालत आलो. मॅडम माझ्या डावीकडून, रस्त्याच्या बाजूने चालत होत्या. मी काही विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं, एरवी नियम समजावून सांगायच्या तशा, सरळ.

सैन्यात अधिकाऱ्याला एका टप्प्यापर्यंत वर्षं मोजून बढती मिळते. त्यापुढे मंडळ बसतं आणि दर वर्षीचे अहवाल काढून बघतं. अहवालात नऊपैकी नंबर असतो. कागदावर सातचा अर्थ लिहिलेला असतो सरासरीपेक्षा वर. "पण बाकी सगळ्यांना आठ-नऊ मिळत असले की सात म्हणजे निरोप," त्या म्हणाल्या. बढती नाही म्हणजे त्याच पदावर वय होईपर्यंत थांबायचं. ज्यांची भरतीच थोड्या वर्षांसाठी झालेली असते त्यांना तर कायम करून घेतलं नाही की बाहेर. त्यांच्या वेळच्या बायकांची भरती तशीच होती. चौदा वर्षं, मग घरी. त्यांच्यासाठी मंडळ बसतच नव्हतं.

"म्हणून आमचे अहवाल कुणी वाचणार नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही."

एका वर्षी त्यांच्या युनिटमध्ये त्यांच्या बरोबरीचा एक मेजर होता. त्याचं मंडळ जवळ आलं होतं. साहेबांनी दोघांचं काम पाहिलं होतं, त्या हिवाळ्यात बर्फातला रस्ता उघडा ठेवण्याचं काम मॅडमचं होतं. पण साहेब सगळ्यांनाच वरचा नंबर देऊ शकत नव्हते. त्यांनी मॅडमना बोलावलं आणि नुसते त्यांच्याकडे बघत राहिले.

"त्यांनी मागितलं नाही," मॅडम म्हणाल्या. "हे लक्षात ठेव. त्यांना लाज वाटत होती. मीच म्हटलं, सर, त्याला द्या, त्याला लागणार आहे. मला काय करायचाय नंबर. आणि पुढच्या वर्षीही मीच म्हटलं. दोन्ही वर्षी सात. दोन्ही वर्षी सही केली. वर हसले. मला वाटलं, आपण किती मोठ्या मनाचे."

मग न्यायालयाचा निकाल आला आणि नियम बदलला. बायकांनाही कायम राहता येणार होतं. मंडळ बसलं. ज्या कागदांना कधी कुणी हात लावणार नव्हतं तेच कागद काढून मोजले गेले. त्या दोन वर्षांमुळे त्या रेषेच्या खाली गेल्या. थोड्याशाच.

"तो आता कर्नल आहे ना?" मी विचारलं. "डबा पाठवतात ते."

"हुशार अधिकारी आहे. त्याला माझ्या नंबराशिवायही मिळालं असतं कदाचित." ट्रकच्या आवाजात त्या क्षणभर थांबल्या. "ते मात्र आता कधी कळणार नाही. त्यालाही नाही."

फाट्यावर नाशिककडून येणारी मंचरची गाडी लागली होती. मला आत बसवून त्या खिडकीखाली उभ्या राहिल्या. गाडी हलेपर्यंत हलल्या नाहीत. खिडकीतून मला दिसलं की त्यांनी तो लिफाफा चौकोनी घडी करून छातीच्या खिशात ठेवला होता आणि खिशाचं बटण लावलं होतं.

आता माझं सांगते. ते सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

आमच्या संस्थेचाही असाच एक नियम होता. तीन वर्षं तात्पुरतं काम करायचं. मग जागा असेल तर कायम, नाहीतर नमस्कार. त्या वर्षी तीन वर्षं पुरी झालेले दोघं होतो, मी आणि गणिताचे सर. जागा एकच होती. एप्रिलमध्ये संस्थेचे अध्यक्ष दोघांचे अहवाल वाचून ठरवणार होते.

सर चांगले होते. आंबेगाव तालुक्यातल्या एका गावातून रोज मोटरसायकलवर यायचे, आणि नुकतीच त्यांना मुलगी झाली होती. मार्चमध्ये एकदा त्यांची बायको बाळाला घेऊन स्टाफरूममध्ये आली, पेढे द्यायला. बाळ माझ्या मांडीवर दिलं. सगळे कौतुक करत होते. मराठीच्या बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिला काय काळजी? हिचं लग्न झालं की ही चालली पुण्याला. सरांचं मात्र व्हायला पाहिजे बाई या वेळी." सर म्हणाले, "अहो, असं काही बोलू नका, यांचाही हक्क आहे." आणि त्यांनी मान खाली घातली. त्यांनी मागितलं नव्हतं. त्यांना लाज वाटत होती.

घरी आई म्हणाली, "नाही मिळाली जागा, तर रोज आळेफाट्याची धावपळ तरी थांबेल."

मला ती जागा हवी होती. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा कुणालाही सांगितलं नव्हतं. माझ्या सहावीच्या वर्गाच्या खिडकीतून लांबवर शिवनेरीची कड दिसायची. तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती, माझ्यासारखीच, उत्तर येत असूनही हात अर्धाच वर करणारी. पुढच्या वर्षी मी तिला सातवीला शिकवणार होते.

फाट्यापर्यंतच्या त्या चालण्याला महिना झाला होता. मॅडमचा शब्द न् शब्द मला पाठ होता. तरीही एका रविवारी मी बसले आणि चार ओळींचं इंग्रजी पत्र लिहिलं. वैयक्तिक कारणास्तव कायम जागेसाठी माझा विचार होऊ नये. चांगलं उतरलं होतं पत्र. मी स्वतःची समजूत घातली, की माझं वेगळं आहे. हे सैन्य नाही. ही एक लहानशी शाळा आहे, दुसरीकडे मिळेल. खरं एवढंच होतं, की 'मला हवी आहे' हे वाक्य मोठ्याने म्हणायचा प्रसंग मला टाळायचा होता.

सोमवारी सकाळी पत्र मॅडमच्या टेबलावर ठेवलं. साडेनऊला बोलावणं आलं.

पत्र त्यांच्यासमोर उघडं होतं. बाजूला आवक-जावकचा शिक्का.

"कुणी सांगितलं लिहायला?"

"कुणी नाही, मॅडम."

"ते मला माहीत आहे. कुणीच सांगत नसतं." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "कुणाचा अर्ज मी अडवत नाही. दहा वाजता शिक्का मारणार. तोवर मागे घेता येईल. त्यासाठी काही लिहायला नको. नुसतं बोल."

मी समोरच्या खुर्चीवर बसले. त्यांनी दुसरी कामं काढली नाहीत. हात टेबलावर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. बाहेर पाचवीचा वर्ग पाढे म्हणत होता. मी सरांच्या बाळाचा विचार करत होते, स्टाफरूमचा करत होते. आज मागे घेतलं तर उद्यापासून तिथे सगळ्यांच्या नजरा कशा असतील, याचा. एकदा माझे ओठ हलले. मॅडम पुढे झुकल्या. मैदानाच्या टोकाला टाकीपाशी उभ्या राहायच्या तशाच त्या ऐकत होत्या. पण त्यांच्यापर्यंत काही पोहोचलं नाही.

दहाची घंटा झाली. शिपाईमामांनी ती नेहमीपेक्षा लांबवली, असं मला उगाच वाटलं.

मॅडमनी शिक्का मारला, तारीख घातली, पत्र अध्यक्षांच्या फाइलला लावलं. त्यांचा चेहरा मी नीट पाहिला नाही. माझी हिंमत झाली नाही. पिंपळवंडीच्या ओट्यावर पत्र ऐकताना त्या हलल्या नव्हत्या. आता त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा लगेच पुसला.

मग खण उघडून एक कागद काढला.

"तुझा या वर्षीचा अहवाल. शुक्रवारीच लिहिला होता." आणि त्या वाचू लागल्या.

मराठीत लिहिला होता, त्यांच्या उभ्या टपोऱ्या अक्षरात. एक पान पूर्ण. मी कोणत्या मुलाला किती वेळा थांबवून वाचायला शिकवलं, त्याच्या नोंदी होत्या. पावसाळ्यात बस अडकली तेव्हा मी छत्तीस मुलांना दोन तास गोष्ट सांगत बसवलं, ते होतं. हे त्यांना कुणी सांगितलं, मला माहीत नाही. ड्रायव्हरभाऊंनी असेल. "आवाज लहान आहे. वाढतो आहे. आता पाण्याच्या टाकीपर्यंत येतो." शेवटी नंबर होता.

"नऊ," मॅडम म्हणाल्या.

तीन वर्षांत त्यांनी कुणालाही नऊ दिल्याचं मी ऐकलं नव्हतं. मुख्याध्यापकांनाही नाही.

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि पेन पुढे केलं. मी ते हातात घेतलं नाही. ज्याचा विचार होणार नाही त्याचा अहवाल अध्यक्षांकडे जात नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तो इथेच राहणार होता, कपाटात, सगळ्यात खालच्या खणात.

"मॅडम," मी म्हटलं, "हा आता कुणी वाचणार नाही."

"माझ्या वेळीही असंच म्हणायचे."

त्यांनी पेन माझ्या बोटांत ठेवलं.

मी सही केली. बारीक झाली, घाईत, नेहमी होते तशी. मॅडमनी ती पाहिली, तिच्याखाली पट्टीने एक नवीन रेघ मारली आणि कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

"परत कर," त्या म्हणाल्या. "वाचता येईल अशी."